हाडं कोणाची, रक्त कोणाचं

पोलीस खात्यात मी शिपाई म्हणून लागले आणि हवालदार होऊन निवृत्त झाले. मधली बरीचशी वर्षं मुद्देमाल खोलीत गेली. गुन्ह्यात जप्त झालेली वस्तू, मग तो कोयता असो, रक्ताने माखलेला सदरा असो की फुटलेला मोबाईल, खटला संपेपर्यंत या खोलीत राहते. माझं अक्षर चांगलं होतं म्हणून ती खोली माझ्याकडे दिली, असं साहेब सगळ्यांना सांगायचे. पुरुष शिपायांना ते काम नको असायचं, हेही तितकंच खरं. शिवाय घरी माझी वाट बघणारं कोणी नव्हतं. तपासणीसाठी माल मुंबईच्या प्रयोगशाळेत न्यायचा असला की परतायला कितीही उशीर झाला तरी कोणाचं काही अडायचं नाही.

नवरा पोलिसातच होता. लग्नाला चार वर्षं झाली होती तेव्हा तो अपघातात गेला, आणि त्याच्या जागी अनुकंपेवर मला घेतलं. मूलबाळ नव्हतं. मुरबाडला दोन खोल्या भाड्याने घेतल्या, त्या अजून सोडलेल्या नाहीत. पोलीस स्टेशन मुरबाडच्याच बाजूचं, पण त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. माणसांची नावंही लिहिणार नाही. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांची नावं पूर्वीच नको तितक्या कागदांवर चढली आहेत.

मी लागले तेव्हा शास्त्र म्हणजे काय, तर जिल्ह्याहून येणारा कुत्रा. तो यायचा, वास घ्यायचा, नदीपर्यंत पळायचा आणि पाण्यापाशी थांबायचा. बोटांचे ठसे उचलणारा माणूस काळी पूड आणि ब्रश घेऊन दुसऱ्या दिवशी यायचा, तोवर गावातल्या निम्म्या लोकांनी दाराला हात लावलेला असायचा. रक्ताचे कपडे मी प्रयोगशाळेत पोचवायचे आणि वर्षा-दीड वर्षाने कागद यायचा: मानवी रक्त आढळले, गट निश्चित करता आला नाही. कधी गट निघालाच, तर तो अर्ध्या तालुक्याचा असायचा. बेवारस प्रेत सापडलं की त्याचा आणि कपड्यांचा फोटो एसटी स्टँडवर लावायचो. पावसात तो भिजून उतरायचा. ओळख पटली नाही की दफन व्हायचं. माझ्या खोलीत एक कपाटच अशा कपड्यांचं होतं. कोणाची तरी चप्पल, कोणाचा तरी करदोटा. रोज सकाळी कुलूप उघडलं की पहिला वास त्या कपाटाचा यायचा.

लोकांना माझं काम माहीत होतं. घरमालकीण वाईट नव्हती, पण मी कामावरून आले की आंघोळ होईपर्यंत आपल्या ओट्यावर बसू द्यायची नाही. शेजारणी हळदीकुंकवाला बोलवत नसत, ते तर विधवेच्या अंगवळणी पडलेलंच असतं. पुढे पुढे बारशालाही बोलावणं येईनासं झालं. मी कोणाला दोष देत नाही. मेलेल्यांच्या वस्तूंना रोज हात लावणाऱ्या बाईचा हात तान्ह्या पोराला लागू नये असं वाटणं समजू शकतं.

ती हाडं सापडली दिवाळीच्या आधी. डोंगराच्या पायथ्याला एका ओहोळात लाकडं गोळा करायला गेलेल्या बाईला कवटी दिसली. त्या वर्षी पाऊस खूप झाला होता, काठाची माती वाहून गेली होती आणि आतलं वर आलं होतं. निळ्या ताडपत्रीच्या तुकड्यात गुंडाळलेला सांगाडा, हिरव्या साडीच्या चिंध्या, दोन फुटक्या बांगड्या. डॉक्टरांनी सांगितलं, बाई आहे, वय वीस ते पंचवीस, मरून काही वर्षं झाली असावीत, आणि कवटीला मागून मार आहे. म्हणजे खून. पण कोणाचा ते कळल्याशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नव्हतं.

आमच्याकडे तेव्हा एक तरुण फौजदार नवे आले होते. रसायनशास्त्र शिकलेले, कमी बोलणारे. त्यांनी आजूबाजूच्या पोलीस स्टेशनांतून हरवलेल्या बायकांची यादी मागवली. तीन नावं वयाला जुळत होती, म्हणून तिघींच्या घरच्यांना बोलावलं. पहिल्या घरचे म्हणाले, आमची सापडली, सुरतेला नांदते आहे. दुसऱ्या घरच्यांनी चिंध्या बघितल्या आणि मान हलवली. तिसरी नोंद शहापूरच्या बाजूची होती. सहा वर्षांपूर्वी एका वीटभट्टीवरच्या मजुराने दिलेली: माझी बायको कोणाबरोबर तरी निघून गेली. त्याने मधल्या काळात दुसरं लग्नही केलं होतं.

तो आला, साडीकडे बघितलं न बघितलं, आणि म्हणाला, ही तिची नाही. त्याच्यामागे थोड्या अंतरावर एक बाई उभी होती. ती त्याची सासू, हरवलेल्या मुलीची आई. मुरबाडकडच्या एका डोंगरावरच्या वाडीत एकटी राहायची. नवरा पूर्वीच वारलेला. ही एकुलती मुलगी. पोरगी पळाली म्हटल्यावर वाडीने आईलाही दूर केलं होतं. भाऊ लग्नकार्याला बोलवत नव्हता, भातलावणीला बायका एकमेकींकडे जात त्यात हिला कोणी हाक मारत नव्हतं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी फक्त कपड्यांची पिशवी उघडून तिच्यापुढे धरली.

तिने साडीचा तुकडा हातात घेतला. बांगड्या बघितल्या. मग मला म्हणाली, "साडी मी वळखत नाय, बाय. पन ही माजीच हाय."

फौजदारांनी विचारलं, कशावरून म्हणता? तिचा एकच धोशा, माझी पोर पळून जाणारी नाय. जावई बाजूला उभा होता, तो हसला नाही की रागावला नाही, नुसता बाहेर बघत राहिला.

जुने दिवस असते तर तिथेच थांबलं असतं. नवरा नाही म्हणतो, आई पुराव्याशिवाय हो म्हणते, म्हणजे ओळख पटली नाही, दफन करा. फौजदारांनी तसं केलं नाही. ते म्हणाले, आईचं रक्त घेऊ, हाड आणि दात पाठवू, डीएनए जुळतो का बघू. मी त्यापूर्वी डीएनएचे दोन-तीन नमुने नेले होते, पण ते बलात्काराच्या गुन्ह्यांतले, ताजे. सहा वर्षं मातीत राहिलेल्या हाडातून काही निघतं यावर माझा विश्वास नव्हता. मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "हाडाच्या आत ते लपून बसतं, ताई. दातात तर फारच. तुम्ही फक्त नीट पोचवा."

रक्त घेतलं शुक्रवारी सकाळी, ग्रामीण रुग्णालयात. डॉक्टरांनी फॉर्म भरला, त्यावर तिचा फोटो चिकटवला, अंगठा घेतला. कुपीला चिठ्ठी, कुपी डबीत, डबी बर्फाच्या पाकिटांमध्ये, वर थर्माकोलचा खोका. मी लाख वितळवली आणि पितळी सील दाबलं. मांडीचं हाड आणि दात वेगळ्या डब्यात. सीलचा नमुना पत्रावर उमटवायचा असतो; प्रयोगशाळेत तो खोक्यावरच्या सीलशी ताडून बघतात आणि जुळला तरच माल घेतात.

दोन्ही खोकी घेऊन मी कल्याणच्या एसटीत बसले. शेजारी बसलेला माणूस खोक्यावरचं लाल सील बघून उठला आणि मागे जाऊन उभा राहिला. नेहमीचंच होतं. त्या दिवशी पुढे रस्त्यावर टँकर उलटला होता. तीन तास गाडी जागेवर. मी प्रयोगशाळेच्या दारात पोचले तेव्हा माल घेण्याची खिडकी बंद झाली होती, आणि पुढे दोन दिवस सुट्टी. रखवालदाराने त्याच्या परीने मदत केली, वर फोन लावून बघितला, पण माणसं घरी गेली होती. मी फौजदारांना फोन केला. ते बंदोबस्तावर होते. म्हणाले, परत घेऊन या, सोमवारी पुन्हा जा, रक्त थंड ठेवा.

थंड कुठे ठेवायचं? आमच्या पोलीस स्टेशनला फ्रिज नव्हता. रुग्णालयात फ्रिज होता, पण त्या खोलीची चावी ज्याच्याकडे तो गावी निघून गेला होता. हाडांचा डबा मी मुद्देमाल खोलीत कुलूपबंद केला. रक्ताचा खोका तिथे ठेवला असता तर सोमवारपर्यंत काही उरलं नसतं. मी स्टेशन डायरीत नोंद केली की सोय नसल्यामुळे सीलबंद खोका माझ्या राहत्या घरी फ्रिजमध्ये ठेवत आहे. वेळ लिहिली, सही केली. आणि घरी नेला.

फ्रिजमध्ये दूध होतं, मिरच्या होत्या, थोडी मळलेली कणीक होती. मी सगळं बाहेर काढलं, फळी पुसून घेतली आणि खोका ठेवला. का कोण जाणे, दूध त्याच्या शेजारी ठेवावंसं वाटलं नाही. ते किळसेने नव्हे. आपल्या घरी कोणी आलं की आपण पलंगावरचे कपडे आवरतो ना, तसं.

शनिवारी सकाळी वीज गेली. दहा वाजले, अकरा वाजले, येण्याचं लक्षण नाही. मी बाजारात गेले आणि मासळीवालीकडे बर्फ मागितला. ती मला वर्षानुवर्षं बघत होती. पाव किलो बोंबील किंवा मांदेली, त्यापुढे माझी खरेदी कधी गेली नव्हती. एवढा बर्फ बघून तिने विचारलं, "पाहुनं आलंत काय गो?"

मी हो म्हणाले.

घरी येऊन बर्फ पिशव्यांत भरला, पिशव्या खोक्याभोवती रचल्या आणि फ्रिजचं दार लावून त्याच्यासमोर बसून राहिले. पाणी गळलं की पुसायचं, पिशवी बदलायची. दुपारी तीनला वीज आली. रविवारीही मी कुठे गेले नाही. ती बाई आपल्या वाडीत एकटी, मी इथे एकटी, आणि तिचं थोडंसं रक्त माझ्या राखणीत. मी तिच्याशी तोवर धड दहा वाक्यंही बोलले नव्हते. पण त्या दोन दिवसांत मला तिचा विचार सोडून दुसरं काही सुचलं नाही. ती जेवली असेल का, सुई टोचली तिथे दुखत असेल का, असले विचार. सोमवारी मी खिडकी उघडण्याआधी पोचले. तिथल्या माणसाने भिंगातून सील बघितलं, पत्रावरच्या नमुन्याशी जुळवलं आणि पावती दिली.

त्यानंतर ती यायला लागली. आठवडी बाजाराच्या दिवशी डोंगर उतरून यायची, मोहाच्या पत्रावळी नाहीतर करवंदं, रानभाजी, जे हंगामाचं असेल ते विकायची आणि दुपारी पोलीस स्टेशनला येऊन मुद्देमाल खोलीबाहेरच्या बाकावर बसायची. कागद आला का? नाही आला, मावशी. बरं. एवढंच. मग ती खोलीच्या दाराकडे बघत बसायची, कारण प्रयोगशाळेत नेलेली सोडून बाकीची हाडं तिथेच होती. मी चहा मागवायचे. पुढे मी डब्यात दोन भाकऱ्या जास्त आणायला लागले. एकदा तिने सांगितलं की मुलगी लहानपणी झोपेत बोलायची, आणि सकाळी काय बोलली ते विचारलं की लाजायची. मी माझ्या नवऱ्याबद्दल सांगितलं. तो गेल्यापासून त्याच्याबद्दल मला कोणी काही विचारलंच नव्हतं. तिने विचारलं, तो कसा हसायचा? मला चटकन आठवेना.

वर्ष उलटलं तेव्हा कागद आला. टपाल माझ्याकडेच यायचं. पाकीट फोडलं, आणि इंग्रजीतल्या शेवटच्या परिच्छेदात जे होतं ते मी तीनदा वाचलं: ज्या बाईचं रक्त, ती या हाडांची जन्मदाती आई. 'असू शकते' असं लिहिलेलं नव्हतं. सरळ 'आहे'. इतक्या वर्षांत इतकं ठाम वाक्य त्या प्रयोगशाळेकडून मी पहिल्यांदा वाचत होते.

तो बाजाराचा दिवस नव्हता. फौजदारांनी तिला बोलावून घेतलं, खुर्चीवर बसवलं आणि सोप्या शब्दांत सांगितलं की ती तुमचीच मुलगी होती. मला वाटलं होतं ती रडेल. तिने पदर सावरून घेतला. मग म्हणाली, "म्हंजे पळाली नाय."

"नाही पळाली," फौजदार म्हणाले.

"ह्ये वाडीत येऊन सांगशीला?"

त्यांना जबाब घ्यायला वाडीत जायचंच होतं. मी बरोबर गेले. जीप पायथ्याशी ठेवून वर चढलो. लोक जमले तेव्हा फौजदारांनी आधी जबाबाचं काही काढलंच नाही. ते उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की ही मुलगी कोणाबरोबर गेली नव्हती, तिला मारून पुरलं होतं, आणि हे तपासणीत सिद्ध झालं आहे. मावशीचा भाऊ खाली मान घालून उभा होता. थोड्या वेळाने एका म्हातारीने तांब्याभर पाणी आणून मावशीच्या हातात दिलं. सात वर्षांत त्या घरचं पाणी तिने प्यायलं नव्हतं, असं ती मला उतरताना म्हणाली.

जावयाला धरलं. पण हाडं कोणाची हे कळलं म्हणून मारलं कोणी ते कळत नाही. डीएनए तेवढंच सांगतो. फौजदार त्याच्या झोपडीवर गेले, तेव्हा त्यांना बकऱ्यांच्या गोठ्यावर निळी ताडपत्री दिसली. जुनी, फाटकी, एका बाजूने कापलेली. ती काढून आणली आणि सांगाड्यावरच्या तुकड्याशेजारी माझ्या टेबलावर पसरली. आम्ही दोघंही बघत राहिलो. कापताना कात्री एका जागी अडली असावी, तिथे वेडावाकडा दात पडला होता, आणि तो समोरच्या तुकड्यात जाऊन बसत होता. आमच्या बघण्याला कोर्टात किंमत नाही. तेही सील करून मी नेलं. प्रयोगशाळेने भिंगाखाली धागे मोजले आणि लिहिलं की दोन्ही तुकडे मुळात एकच.

खटला उभा राहायला आणखी तीन वर्षं लागली. साक्षीला मला बोलावलं तेव्हा माझी निवृत्ती दीड वर्षावर आली होती. आरोपीचे वकील वयस्कर, शांत बोलणारे होते. त्यांनी स्टेशन डायरीची ती नोंद शोधून काढली होती.

"नमुना शुक्रवारी घेतला आणि सोमवारी पोचला. मधले दिवस तो तुमच्या घरात होता?"

"होय."

"घरी कोण कोण असतं?"

"कोणी नाही. मी एकटी राहते."

"त्या दोन दिवसांत कोणी आलं, गेलं? पाहुणे, शेजारी, नातेवाईक?"

"नाही."

"म्हणजे तुम्ही खोक्याला हात लावला नाहीत, हे सांगू शकेल असा एकही माणूस नाही?"

मी म्हणाले, "नाही. माझ्याकडे कोणी येत नाही."

सरकारी वकील उठून म्हणाले की कोणीच येत नाही म्हणजे खोक्यापर्यंत दुसरं कोणी पोचलंही नाही, आणि सील शाबूत होतं ही प्रयोगशाळेची नोंद आहे. त्यांचं बरोबर होतं. आपला एकटेपणा भर कोर्टात लिहून घेतला जातोय आणि आपल्याच बाजूने कामाला येतोय, हे ऐकताना मला कुठे बघावं ते कळेना. मावशी मागच्या बाकावर बसली होती. तिच्याकडे बघायचं मी टाळलं.

न्यायाधीशांनी संशयाला जागा नको म्हणून आईचं रक्त पुन्हा घेऊन तपासायचा आदेश दिला. मी घरी आले आणि त्या दिवशी चूल पेटवली नाही. माझ्यामुळे तिला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागणार होती. माझ्यामुळे हाडं आणखी काही महिने खोलीत अडकणार होती. खटला संपल्याशिवाय ती मिळणार नाहीत हे मी तिला दर वेळी सांगत आले होते. पुढच्या बाजाराला ती आली तेव्हा मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "घेऊं दे गो. रगत काय, परत व्हतंय." मग म्हणाली, "तुज्याकडं कोनी येत नाय, ह्ये मना ठावं नव्हतं."

दुसऱ्यांदा रक्त घेतलं तेव्हा सगळंच बदललं होतं. नवा कायदा आला होता, आणि फॉरेन्सिकची स्वतंत्र गाडी आता जागेवर यायची. पांढरे अंगरखे घातलेले एक तरुण मुलगा आणि एक मुलगी उतरले. त्यांनी सगळ्याचं चित्रीकरण केलं. कुपीवर बारकोडची पट्टी लावली आणि कुपी अशा डब्यात ठेवली की ज्यात तापमान आपोआप टिपलं जातं. दर मिनिटाला, आतल्या आत. मी त्यातल्या मुलीला विचारलं, वीज गेली तर? ती म्हणाली, आठ तास काही होत नाही, मॅडम. कामात हुशार मुलगी होती. त्यांना माझी गरज नव्हती. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून गाडी जाताना बघितली. वाईट वाटलं असं नाही म्हणणार. अशी गाडी वीस वर्षांपूर्वी असती तर माझ्या कपाटातल्या कितीतरी चपलांना धनी मिळाले असते. पण दुपारभर हाताला काही कामच नाही, असं झालं.

या वेळी अहवाल काही आठवड्यांतच आला. तोच निष्कर्ष. ताडपत्री, डॉक्टरांची साक्ष, त्याने दिलेली खोटी नोंद, सगळं धरून कोर्टाने त्याला जन्मठेप दिली. शिक्षा ऐकताना मावशीने त्याच्याकडे बघितलंही नाही. बाहेर आल्यावर विचारलं ते एवढंच, "आता माजी पोर देशीला ना?"

अपिलाची मुदत आणि कागदपत्रं यांत आणखी काही महिने गेले. हाडं ताब्यात द्यायचा हुकूम आला तेव्हा माझ्या नोकरीचे अकरा दिवस उरले होते. नियमाप्रमाणे तिच्यासमोर सील फोडायचं होतं. इतकी वर्षं मी सील लावत आले होते, फोडणारे दुसरे असायचे. लाख कडक झाली होती, सुरीच्या टोकाने उचकटावी लागली. मावशीने घरून नवीन पातळ आणलं होतं, हिरवंच. एकेक हाड मी यादीवर टिपत गेले आणि ती घेऊन त्यात ठेवत गेली. कवटी तिने स्वतः उचलली. पदराने पुसली. माझ्याकडे बघून म्हणाली, "हलकी झाली गो."

मी रजा टाकून तिच्याबरोबर वाडीवर गेले. भाऊ पायथ्याशी घ्यायला आला होता, गाठोडं त्याने डोक्यावर घेतलं. वरच्या अंगाला जिथे त्यांची माणसं पुरतात तिथे खड्डा खणून ठेवला होता. अख्खी वाडी आली होती. बायका त्यांच्या बोलीत काहीतरी हळू आवाजात म्हणत होत्या, मला ते पुरतं समजलं नाही. माती लोटायला सगळ्यांनी हात लावला. मी मागे उभी होते, तर तिने मला पुढे ओढलं आणि म्हणाली, लोट, सगळ्यांत जास्त तूच हिला सांभाळलीस. मी ओंजळभर माती टाकली. तिथेच भात आणि उडदाचं पिठलं जेवले आणि दिवस मावळायच्या आत खाली उतरले.

निवृत्तीला आता वर्ष होईल. पहिले काही आठवडे बाजाराच्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त करायचे. ती आली नाही. येण्याचं कारणच उरलं नव्हतं. गेल्या आषाढात मीच प्रवासी जीपने पायथ्यापर्यंत गेले आणि वर चढले. लावणी चालू होती. पंधरा-वीस बायका चिखलात वाकल्या होत्या, आणि त्यांच्या मधोमध ती होती. कोणीतरी काही बोललं आणि ती हसली. तिला हसताना मी पूर्वी बघितलं नव्हतं. मला बघून ती हात न धुताच बांधावर आली, बस म्हणाली, मुठीतला चिखल झटकत तब्येत विचारली. मागून बायका तिला हाका मारत होत्या, कारण आवण्या, म्हणजे लावायची भाताची रोपं, संपत आल्या होत्या आणि रांग तिच्यापाशी तुटली होती. मी म्हटलं, जा तू, मी बसते इथे. थोडा वेळ बसले. पाऊस भुरभुरत होता. कोणीतरी मला चहा आणून दिला.

निघताना मी तिला सांगितलं की भात कापून झाला की येईन. ती म्हणाली, ये. कापणी होऊन गेली. मी अजून गेलेली नाही.